बादलीत काय आहे ते फोनला दिसत नाही

पूर्वी आमच्या मजल्यावर प्रत्येक घरात माळ्यावर नाहीतर दाराच्या मागे रद्दीचा गठ्ठा असायचा. महिन्याच्या शेवटी रद्दीवाला यायचा, तागडी लावायचा, त्याच्याशी किलोमागे रुपया-दोन रुपयांची घासाघीस व्हायची. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बऱ्याच घरांनी पेपर बंद केला तो पुन्हा काही सुरू झाला नाही, बातम्या फोनवर आल्या आणि गठ्ठा गेला. त्याच्या जागी आता काय आहे बघा. पुठ्ठ्याचे खोके, त्यावर गुंडाळलेली हातभर चिकटपट्टी, आत हवेचे बुडबुडे असलेलं प्लास्टिक, थर्माकोलचे तुकडे, हॉटेलच्या जेवणाचे काळे डबे, त्याबरोबर आलेल्या केचपच्या पुड्या आणि न मागता आलेले चमचे. परवा शेजारच्या घरी कोथिंबीर आणि एक दुधाची पिशवी दहा मिनिटात आली, तीही कागदी पिशवीत, आणि कागदी पिशवीच्या आत पुन्हा प्लास्टिकची पिशवी.

शहरातला कचरा आणि डिजिटल तंत्रज्ञान असा विषय निघाला की सगळे लगेच गाड्यांवरच्या जीपीएसबद्दल आणि महापालिकेच्या अॅपबद्दल बोलायला लागतात. पण मला वाटतं फोनने सगळ्यात आधी काय बदललं असेल तर तो कचराच. आपण खरेदी कशी करतो, काय वाचतो, रात्री जेवायला काय मागवतो हे बदललं की दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत ते दिसतंच. आणि ते पहिल्यांदा कळतं कुणाला? जी बाई ती बादली रोज उलटी करते तिला.

आमच्याकडे ज्या मावशी कचरा न्यायला येतात त्यांनी मला हे सगळं कुठल्याही अहवालाआधी सांगितलं होतं. "ताई, कागद कमी झाला आणि पुठ्ठा वाढला, पण पुठ्ठ्याला लोक नुसती पट्टी गुंडाळून ठेवतात, वर भाजीचं पाणी सांडलेलं, मग भंगारवाला भाव पाडतो." काळ्या डब्यांचं तसंच, आत तेलकट ग्रेव्ही चिकटलेली असते, धुवायला त्यांच्याकडे पाणी नाही आणि वेळ तर त्याहून नाही. वेफर्सची, बिस्किटांची चकचकीत पाकिटं तर कुणी घेतच नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, शाम्पूची बाटली हे तिन्ही आपल्या लेखी "प्लास्टिक", त्यांच्या लेखी तीन वेगळे माल, तीन वेगळे भाव. त्या हाताने नुसतं दाबून, चुरगळून, आवाजावरून सांगतात कुठलं कुठं जाणार. हे ज्ञान कुठल्या सर्व्हरवर नाहीये.

पुण्यात हे जरा जास्त ठळकपणे दिसतं कारण पुण्याला या बाबतीत इतिहास आहे. 1993 मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, बाबा आढाव, पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण ही माणसं त्यात होती, आणि सभासद होत्या त्या रस्त्यावरच्या कचराकुंडीत वाकून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका, त्यातल्या बहुसंख्य दलित. त्यांना चोर म्हणून हटकलं जायचं, कुत्री मागे लागायची. नव्वदच्याच दशकात महापालिकेने मान्यता दिलेली ओळखपत्रं त्यांना मिळाली, आणि 2008 च्या सुमाराला "स्वच्छ" या त्यांच्याच सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करायचं काम सुरू झालं. म्हणजे कुंडीतून दारापर्यंत यायला पंधरा वर्षं लागली. आपण महिन्याला जे शंभर रुपयांच्या आतबाहेर देतो त्यावर आणि निवडलेल्या भंगारावर मिळून त्यांचं घर चालतं. हे दोन आकडे लक्षात ठेवायला हवेत, महिन्याची फी आणि भंगार, कारण पुढे येणारं प्रत्येक अॅप यातल्या एका आकड्याला तरी हात घालतं.

आता गेल्या काही वर्षांत काय काय आलं? महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत घराच्या दाराशी क्यूआर कोडचा स्टिकर लागला, घंटागाडीबरोबरचा माणूस तो स्कॅन करतो, की "या घराचा कचरा उचलला" अशी नोंद होते. गाड्यांवर जीपीएस बसला, काट्यावर गाडीचं वजन कॉम्प्युटरमध्ये जायला लागलं, कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन लागले. नागरिकांना फोटो काढून तक्रार करता यायला लागली. यातलं काही मला मनापासून आवडतं आणि ते सांगायलाच हवं. गाडी आली की नाही हे पूर्वी मुकादमाच्या वहीवर असायचं, किती फेऱ्या झाल्या हे ठेकेदार सांगेल ते. आता निदान गाडी कुठल्या गल्लीत गेली आणि कुठल्या गेलीच नाही हे दिसतं, आणि ठेकेदाराचं बिल त्याच्याशी जुळवून बघता येतं. आमच्या कोपऱ्यावर रात्री कुणीतरी राडारोडा आणि गाद्या टाकून जायचं, पूर्वी आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या भागातल्या सफाईच्या ऑफिसात, जाऊन चार वेळा सांगावं लागायचं, आता फोटो टाकला की बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उचललं जातं. लोकांच्या पैशाचा हिशोब लोकांना दिसणं ही मोठी गोष्ट आहे, त्यासाठी जेवढं तंत्रज्ञान येईल तेवढं यावं.

पण तो स्टिकर नेमकं काय सांगतो? एवढंच की कुणीतरी त्या दारापर्यंत आलं होतं. बादलीत ओलं-सुकं वेगळं होतं की डायपर, शिळा भात आणि फुटलेली काच एकाच पिशवीत गाठ मारून होती, हे त्यात कुठेच नाही. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दोन्ही घरं सारखीच हिरवी दिसतात. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत घरातच तीन प्रकारे वर्गीकरण करायचं हे स्पष्ट लिहिलं होतं, ओला, सुका आणि घरगुती घातक. आपण नोंद मात्र करतो ती उचलल्याची. जे मोजायला सोपं ते मोजतो, आणि मग हळूहळू तेच काम आहे असं सगळ्यांना वाटायला लागतं, अधिकाऱ्यांना, नगरसेवकांना, आपल्याला पण. स्वच्छ सर्वेक्षणाचे, म्हणजे केंद्र सरकार शहरांना स्वच्छतेचे क्रमांक देतं त्याचे, दिवस जवळ आले की फोनवर "तुमचं मत द्या" असे मेसेज येतात, शहराला त्याचे गुण असतात, मेसेज आला म्हणून लोक बटण दाबतात, बादली तशीच राहते.

याहून जास्त त्रास मला दुसऱ्या गोष्टीचा होतो. नागपूरमध्ये, चंदीगडमध्ये आणि इतरही काही शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. माणूस ठरलेल्या हद्दीत आहे का, किती वेळ आहे, हे ऑफिसात बसून दिसावं म्हणून. हद्दीबाहेर दिसलं तर पगार कापला जाण्याची भीती, आणि बायकांना तर घड्याळ घालून बाथरूमला जायचं कसं हा प्रश्न, कारण यातून आपल्याला कुणी बघतंय का, ऐकतंय का हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नव्हतं. चंदीगडमध्ये कामगारांनी याविरुद्ध आंदोलनं केली. ज्या माणसाला हातमोजे वेळेवर मिळत नाहीत त्याला घड्याळ मात्र मिळतं, हे मला अजिबात पटत नाही. रस्ता झाडणाऱ्या बाईला दिवसभरात पाणी प्यायला, लघवीला जायला जागा शोधावी लागते, ती जागा हद्दीबाहेर असली तर नकाशावरचा ठिपका बाहेर जाणारच, आणि ठिपक्याला कारण सांगता येत नाही. कचरा करणारे आपण, आणि नजर कुणावर, तर कचरा उचलणाऱ्यावर.

कारण खरी गडबड घरात होते. तुम्ही एकदा कधीतरी फीडर पॉइंटवर, म्हणजे जिथे ढकलगाड्यांमधला कचरा मोठ्या गाडीत चढवतात तिथे, सकाळी अर्धा तास उभे राहा. वास येतो, पण उभे राहा. पिशव्या फोडतात तेव्हा काय काय निघतं ते बघा. सॅनिटरी पॅड कागदात न गुंडाळता सुक्या कचऱ्यात, इन्सुलिनच्या सुया, दाढीची ब्लेडं, जुन्या गोळ्यांची पाकिटं, ट्यूबलाइटचे तुकडे. हात घालणारीला आत काय आहे ते आधी कळत नाही. यावर पुण्यातल्या कचरावेचकांनी काढलेला उपाय किती साधा होता, पॅड किंवा डायपर जुन्या पेपरात गुंडाळा आणि त्यावर लाल पेनाने एक ठिपका काढा. बस. ना चार्जिंग, ना नेटवर्क. तो ठिपका बघितला की पिशवी न उघडता बाजूला जाते. त्याच्याही आधी 2013 मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅड्सची पोती पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनाच पाठवली होती, की हे तुमचं, गुंडाळायला पिशवी तुम्ही द्या. पुढे 2016 च्या नियमांत उत्पादकांनी पॅडबरोबर विल्हेवाटीसाठी पिशवी द्यावी हे कलम आलं. हा सगळा विचार ज्यांनी केला त्यांच्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मला हे फार मोठं वाटतं, आणि कचऱ्यावरचं नवीन काही बनवणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने आधी या बायकांबरोबर महिनाभर गाडी ढकलावी असं मी मनापासून म्हणते.

घराकडे वळलेली यंत्रं जगात आहेतच. दक्षिण कोरियाने अन्नाचा कचरा जमिनीत पुरायला 2005 मध्ये बंदी घातली, 2013 पासून जेवढा टाकाल तेवढे पैसे असा नियम आणला. सोलमधल्या मोठ्या इमारतींत खाली मशीन असतं, कार्ड लावलं की झाकण उघडतं, तुमच्या उष्ट्याचं वजन होतं आणि ते तुमच्या बिलात लागतं. लोक भाजीतलं पाणी निथळून टाकायला लागले, कारण पाण्याचंही वजन लागतं. आपल्याकडे हे जसंच्या तसं आणा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे बादली दाराबाहेर ठेवणारी बऱ्याचदा घरकामाला येणारी बाई असते, दंड लागला तर मालकीण तिच्यावरच ओरडणार. आणि पैसे लागतात म्हटल्यावर लोक रात्री पिशवी नदीपात्रात किंवा हायवेला फेकणार, ते आत्ताही फेकतात. पण तिथे यंत्राने ज्याचा कचरा त्याच्याशी हिशोब केला, एवढी गोष्ट घेण्यासारखी आहे.

आमच्या सोसायटीत आम्ही एक छोटा प्रयत्न केला. विंगवार. कुठल्या घराचं नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, फक्त आज कुठल्या विंगचा सुका कचरा कसा होता एवढं मावशी सांगतात आणि कमिटीतली एक मुलगी ते ग्रुपवर टाकते, चांगला, बरा, किंवा मिसळलेला. फोटो टाकायचे की नाही यावर बरीच वादावादी झाली. मी फोटोच्या विरुद्ध होते, कारण कचऱ्यात औषधं असतात, बँकेची पत्रं असतात, कुणाच्या घरात कोण आजारी आहे ते दिसतं. शेवटी फोटो नाही असं ठरलं. सुरुवातीला दोनचार जण चिडले, "आता कचऱ्याचे पण मार्क का" वगैरे, पण विंगचा अभिमान ही काय चीज आहे ते गणपतीच्या स्पर्धांमध्ये आपण बघतोच, तो इथेही कामाला आला. सगळं सुधारलं असं नाही. भाड्याने राहणारी मुलं बदलतात, की परत पहिल्यापासून समजवायचं. पण मावशींचा निवडण्यातला वेळ कमी झाला असं त्या स्वतः म्हणतात आणि माझ्यासाठी त्यांचं म्हणणं हाच निकाल.

पैशांच्या बाबतीत मात्र फोनने त्यांचं खरंच भलं केलं. पूर्वी फी मागायला दर महिन्याला प्रत्येक दार वाजवावं लागायचं, "सुट्टे नाहीत", "साहेब घरी नाहीत", "उद्या या". कामाचा पैसा मागताना माणसाला ओशाळं व्हायला लागणं ही वाईट गोष्ट आहे. आता त्यांच्या ओळखपत्राच्या मागे क्यूआर कोड आहे, लोक घरबसल्या पाठवतात, कुणी दिले कुणी नाही याची यादी त्यांचा मुलगा काढून देतो. खात्यात पैसे दिसतात म्हणून बचतगटातून कर्ज घ्यायला पण सोपं गेलं म्हणे. एक अडचण आहे, पैसे आल्याचा आवाज ज्या फोनमध्ये होतो तो फोन मुलाकडे असतो. स्वतःच्या कमाईचा मेसेज स्वतःला वाचता यावा म्हणून त्यांना आकडे आणि दोनतीन बटणं शिकवायचं काम आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने घेतलंय, रविवारी, जिन्याखाली बसून. असल्या कामाची बातमी कुठे येत नाही पण माझ्या मते डिजिटल म्हणतात ते हेच.

भंगाराच्या अॅपबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं होत नाहीये. फोनवर दर दिसतात, वेळ निवडायची, युनिफॉर्ममधला मुलगा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन येतो, जागेवर पैसे. ग्राहक म्हणून एकदम सोयीचं, वजनात फसवलं जाण्याची भीती नाही. पण तो काय नेतो? पुठ्ठा, लोखंड, तांबं, जुने मिक्सर, चांगली बाटली. म्हणजे भाव असलेलं सगळं. मागे उरतं ते ओलं, डायपर आणि चकचकीत पाकिटं, आणि ते न्यायला परत मावशीच. मगाशी म्हटलं ना, फी आणि भंगार, त्यातला दुसरा आकडा इथे जातो. घरोघरी जाऊन रद्दी घेणारे पूर्वीही होतेच, मान्य आहे, पण ते गल्लीतलेच होते आणि पार्सलचे खोके तेव्हा नव्हते. पेपर गेल्यावर या बायकांना ज्या खोक्यांनी थोडंफार तारलं तेच आता जायला लागलेत. आमच्या घरी आम्ही ठरवलंय, लोखंडी कपाट वगैरे मोठं काही निघालं तर अॅप, रोजचा पुठ्ठा पट्टी काढून, चपटा करून मावशींना.

आणि स्क्रीनवर आकडा आला म्हणजे तो खरा, हा समज तर सोडायलाच हवा. प्लास्टिक पॅकिंग बनवणाऱ्या-वापरणाऱ्या कंपन्यांनी तेवढं प्लास्टिक रीसायकल करून घ्यायचं, त्याची प्रमाणपत्रं सरकारी पोर्टलवर जमा करायची, अशी व्यवस्था 2022 पासून आहे. कल्पना चांगली, सगळं ऑनलाइन, सगळं पारदर्शक. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काय निघालं, तर गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही मोजक्या रीसायकलिंगवाल्यांनी मिळून सुमारे 6 लाख खोटी प्रमाणपत्रं तयार केली होती. प्लास्टिक जागेवरच, फक्त पोर्टलवर त्याचं रीसायकलिंग झालं. ज्या बाईने पाकीट न पाकीट हाताने निवडलं तिच्या कष्टाची नोंद त्या पोर्टलवर कुठे होती, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटत नाही. ही खोटी प्रमाणपत्रं पकडली गेली तीसुद्धा तपासणी झाली म्हणून. पोर्टल स्वतःहून ओरडलं नाही.

इंदूरचं उदाहरण सगळे देतात. 2017 पासून सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं आलेलं शहर, आमचे बरेच नातेवाईक तिकडे आहेत त्यामुळे जाणं-येणं असतं. तिथून येणारे लोक कंट्रोल रूमचं कौतुक करतात. मी माझ्या मावसबहिणीला विचारलं की नक्की काय बदललं गं, तर ती म्हणाली गाडीवरचा माणूस बादलीत डोकावून बघतो. मिसळलेलं असेल तर घेत नाही, म्हणतो वेगळं करून आणा. गाडीलाच वेगवेगळे कप्पे आहेत, आपण वेगळं दिलेलं पुढे एकत्र होताना दिसत नाही, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. आपल्याकडे घरात निगुतीने वेगळं करायचं आणि खाली एकाच गाडीत सगळं ओतताना बघायचं असं बऱ्याच ठिकाणी होतं, आणि मग पुढच्या आठवड्यात त्या घरात पण एकच बादली होते. जीपीएस इंदूरला आहेच आणि त्याचा उपयोगही आहे, पण गाडीवरच्या त्या माणसाला "नाही घेणार" म्हणायचा अधिकार दिला आणि त्याच्या मागे अख्खी महापालिका उभी राहिली. आमच्या मावशींनी एकदा असं म्हटलं तर घरमालकाने थेट कोठीत तक्रार केली होती, आणि ऐकून त्यांनाच घ्यावं लागलं.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं. 2017 मध्ये डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि आठवडा-दोन आठवडे नाही, त्याहून जास्त काळ शहरात कचऱ्याचे ढीग साठले, तेव्हा आपल्याला पहिल्यांदा कळलं की आपण "टाकलं" म्हणतो म्हणजे कुणाच्या तरी दारात टाकतो. त्या दिवसांत सगळे ओला कचरा जिरवायला लागले होते, बादल्या आल्या, खत लवकर व्हावं म्हणून टाकायचं कल्चर आलं, मिळकतकरात सवलत मिळते म्हणून सोसायट्यांनी खताची विजेवरची मशीन घेतली. त्यातली कितीतरी आज बंद आहेत, कारण मशीन चालवायला माणूस ठेवावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो हे विकत घेताना कुणी धरलंच नव्हतं.

या महिन्याच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन विषय आहेत. एक कंपनी सेन्सरवाल्या डस्टबिनचं प्रेझेंटेशन देणार आहे, डबा भरला की कमिटीच्या फोनवर मेसेज येतो. दुसरा विषय मी दिलाय. पार्किंगच्या मागे जी पडीक जागा आहे तिथे निवडण्यासाठी कमरेएवढ्या उंचीचं टेबल, वर पत्रा, एक दिवा, एक नळ, आणि मावशींना वापरायला वॉचमनच्या शेजारच्या टॉयलेटची किल्ली. टेबलाची उंची मावशींनी स्वतः हात लावून दाखवली, त्याप्रमाणे माप घेतलंय. सेक्रेटरींनी खर्च विचारला, कोटेशन आणलं, सेन्सरच्या डब्यांपेक्षा कमी येतंय. फक्त त्यासाठी पाहुण्यांच्या गाडीची एक जागा सोडावी लागेल, आणि त्यावरून ग्रुपवर कालपासून चर्चा चालू आहे, बी विंगमधल्या तिघांनी हो म्हटलंय.